भरपाईचे गणित

निर्णय एकाचा, झळ दुसऱ्याला. अर्थशास्त्र यालाच ‘बाह्य परिणाम’ म्हणते. लॉस एंजेलिस व बर्कले ही कॅलिफोर्नियाच्या एकाच सार्वजनिक विद्यापीठाची दोन अंगे. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणातील पैशासाठी लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये ‘पॅक-१२’ ही क्रीडासंघटना सोडण्याचे जाहीर केले. पुढे ती मोडकळीस आली आणि २०२४ पासून पॅसिफिककाठचे बर्कले अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत, उत्पन्नाच्या अपुऱ्या वाट्यावर, खेळू लागले. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने लॉस एंजेलिसने बर्कलेस तीन वर्षे दरसाल १ कोटी डॉलर द्यावेत, असे ठरविले. न्याय झाला, पण तिजोरीपुरता. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीचे खंडभर प्रवासात बुडणारे तास कोणत्या खात्यात मांडावयाचे? बदलीचा भत्ता मिळतो, मुलांचे मोडलेले शालेय वर्ष भरून येत नाही, हे प्रांतोप्रांती राहिलेले आपण जाणतोच.