पॅकेजचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. ही सवलत फक्त नदीला आणि ऋषीला आहे. बाकी कोणालाही नाही. आमच्या नगरात तर नाहीच नाही. बँकेच्या काउंटरवर नवा खातेदार आला, की फॉर्म हातात घेण्याआधी आम्ही विचारतो, "मूळचे कुठले?" तो सावेडी म्हणाला, तर आम्ही म्हणतो, "ते राहायला हो. मूळचे?" मग तो पाथर्डीवर येतो, पाथर्डीवरून एखाद्या वाडीवर येतो, आणि त्या वाडीत आमच्या साडूच्या ओळखीचे कोणी निघाले, की खाते उघडते. सरकारने याला केवायसी हे नाव फार उशिरा दिले.

माझा हा लौकिक ठाऊक असल्यामुळेच गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला, तो थेट एक यादी घेऊन. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाला, "मामा, ३१२ पॅकेजेस आहेत. प्रत्येकाच्या सोर्स कोडच्या रिपॉझिटरीची लिंक शोधून समोरच्या रकान्यात भरायचीय. तुम्हाला रकाने आवडतात ना?"

रिपॉझिटरी हा शब्द मला डिपॉझिटरीसारखा ऐकू आला, म्हणून मी हो म्हणालो. खुलासा नंतर झाला. सौ.च्या चकल्यांवर हात ठेवून भाच्याने समजावले, "पॅकेज म्हणजे बाजारची तयार भाजणी. सोर्स कोड म्हणजे तिची कृती. आणि रिपॉझिटरी म्हणजे ज्या वहीत ती कृती लिहिलीय, कोणी कधी धने वाढवले, कोणी मीठ कमी केलं, त्याची तारीखवार नोंद आहे, ती वही." आजकाल कोणीच अख्खे सॉफ्टवेअर घरी दळत नाही, शेकडो तयार पुड्या फोडून एकत्र करतात. त्या पुड्या कुठल्या, हे विचारायची बुद्धी आता सरकारलाही झाली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने अशा घटकयाद्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे प्रत्येक नोंदीला व्हाउचर हवे. एवढेच म्हणाला असता, तर चकल्या वाचल्या असत्या.

मी कामाला लागलो. जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचे एनपीएम नावाचे एक प्रचंड कोठार आहे. तिथे प्रत्येक पुडीबरोबर 'पॅकेज डॉट जेसन' नावाचा फॉर्म असतो आणि त्यात 'रिपॉझिटरी' हा रकाना. पायथनवाल्यांचे कोठार पायपीआय. तिथेही असेच पत्ते. मला वाटले, उतरवून काढायचे. पण हा रकाना पॅकेजवाल्याने स्वतःच भरायचा असतो. कोणी भरतो, कोणी कोरा सोडतो, आणि कोणी दुसऱ्याच्या फॉर्मवरून नक्कल करताना दुसऱ्याचाच पत्ता ठेवतो. आमच्याकडे नॉमिनीच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहिणारे खातेदार आहेत, त्यांचेच हे भाऊबंद.

काही पत्ते खरे, पण वाडाच पडलेला. गूगल कोड नावाची मोठी चाळ होती. ती २०१६ च्या जानेवारीत बंद झाली. यादीत 'लोहित' हा देवनागरी फाँट होता, भाच्याच्या कंपनीच्या मराठी पावत्या छापणारा. लोहित म्हणजे तांबडा, कारण तो रेड हॅट कंपनीने दिलेला. त्याचे बिऱ्हाड फेडोराहोस्टेड नावाच्या जागी होते. ती जागा २०१७ मध्ये मोडली आणि बिऱ्हाड पॅग्युअर नावाच्या दुसऱ्या जागी गेले. जुने पत्ते मात्र जुन्या कागदांवर तसेच राहिले.

काही ठिकाणी नुसते नाव बदललेले असते. गिटहबवर जुन्या नावाने गेलात, तर तो तुम्हाला मुकाट्याने नव्या दारात नेऊन सोडतो. आमच्या जिल्ह्याचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तेव्हा आम्हाला हेच अनुभवायला मिळाले. आम्ही आधीही नगर म्हणत होतो, आताही नगरच म्हणतो, आणि पोस्टमन दोन्ही पाकिटे आणून देतो. फरक इतकाच, की गिटहबवर जुने नाव मोकळे पडले आणि त्या नावाने भलत्याच कोणी बिऱ्हाड थाटले, तर तुमची पत्रे त्याच्या घरात पडतात.

शेवटी ३१२ पैकी २९० लिंका बरोबर निघाल्या. मी भाच्याला म्हणालो, "ह्या पक्क्या." तो हसला. "मामा, एक्सझेड ठाऊकाय?"

ही मात्र चकली खाली ठेवून ऐकण्याची गोष्ट. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारे पॅकेज, जगभरच्या लिनक्स यंत्रांत बसलेले. त्याचा पत्ता बरोबर होता, वहीही जागेवर होती. ते सांभाळणारा गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा, फुकट राबून थकलेला. 'जिया तान' नावाने कोणीतरी मदतीला आले, दोनेक वर्षे गोड वागले, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ मध्ये चोरदरवाजा बसवला. त्याची कळ वहीत नव्हतीच. वाटलेल्या पुडीत होती! पकडले कसे? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले. अर्धा सेकंद! तो त्याच्या मागे लागला, आणि २०२४ च्या २९ मार्चला जगाला हाक दिली.

मला आमच्या शाखेचे जुने अकाउंटंट आठवले. डे-बुकात दहा पैशांचा फरक आला, की रात्री नऊपर्यंत कोणाला हलू देत नसत. "मी खिशातून देतो," म्हटले, तर भडकत. "दहा पैसे हरवत नसतात रे! त्यांच्या मागं कोणीतरी दडलेलं असतं." एकदा खरोखरच ४,००० रुपये जमा बाजूला आणि ३,९९९ रुपये ९० पैसे नावे बाजूला, अशा दोन नोंदी राहून गेलेल्या सापडल्या होत्या. त्या माणसाला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता. पण एक्सझेड त्यांनी पकडले असते.

आणि हे दुखणे नवे कुठे आहे? आमच्याच जिल्ह्यात, प्रवराकाठी नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. सच्चिदानंदबाबांनी उतरवलेली मूळ प्रत आज आपल्या हाती नाही. पुढे नकलांच्या नकला झाल्या, आणि प्रत्येक उत्साही माणसाने आपली एखादी ओवी आत सरकवली. शेवटी १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती पडताळून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली भर घालू नये, अशी तंबीही दिली. लिंक हरवली, तरी ग्रंथ वाचला. कारण ओळ न ओळ ताडून पाहणारा एक माणूस मिळाला.

म्हणून मी भाच्याच्या यादीत न विचारता एक रकाना वाढवला : 'सध्या तिथे कोण राहते?' तो भरताना कळले, की कित्येक घरांत एकच माणूस आहे, आणि चार-चार वर्षे त्याची खबर कोणी घेतलेली नाही. आमच्या भाषेत, डॉर्मंट खाते.

"मामा, हा रकाना साहेबांनी मागितला नव्हता," भाचा म्हणाला.

"राहू दे," मी म्हणालो. "आणि त्यातल्या दोघा-तिघांना पत्र टाक. काही काम मागू नकोस. बरे आहात ना, एवढंच विचार."