अम्मीची शिलाई मशीन

जुन्या विद्यार्थ्यांचे फोन बहुधा ईदला येतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका साध्या मंगळवारी फोन वाजला तेव्हा आम्ही दोघेही जरा चमकलो. "सर, पिक्चर जवळजवळ तयार आहे. रिलीजच्या आधी थोड्या लोकांना दाखवतोय. तुम्ही आणि मॅडम याल ना?"

हा आमच्या उर्दू शाळेतला मुलगा. मराठी त्याला आम्हीच शिकवली. अब्बा लवकर गेले. अम्मीने लोकांचे कपडे शिवून तीन लेकरं वाढवली आणि चार वर्षांपूर्वी तीही अल्लाहला प्यारी झाली. त्याचा पहिला चित्रपट तिच्यावरच होता. आम्ही लेकीला सोबत घेतलं आणि रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

अंधेरीतलं छोटंसं थिएटर, तीसेक माणसं. रिक्षावाले, नर्स, कॉलेजची मुलं, आमच्यासारखे शिक्षक. सिनेमाच्या धंद्यातलं कुणीच नव्हतं. मोबाईल दारातच जमा केले होते. चित्रपट अजून कच्चा होता. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं-सेकंदांचे आकडे पळत होते, संगीत तात्पुरतं, उसनं घेतलेलं. चित्रपटाचं संकलन करणारी मुलगी सगळ्यात मागे बसली होती. ती पडद्याकडे पाहतच नव्हती, आमच्या डोक्यांकडे पाहत होती.

पहिल्या अर्ध्या तासातच अम्मी मशीनवर बसली. कोपऱ्यातल्या आकड्यांप्रमाणे तो प्रसंग सात मिनिटांचा. रात्र, मिणमिणता दिवा, मशीनची घरघर. आमच्या लेकीचा शाळेचा पहिला गणवेश त्याच हातांनी शिवला होता. आमचे डोळे भरून आले. पण आजूबाजूला खोकले सुरू झाले, खुर्च्या करकरल्या, दोघंजण पाणी प्यायला उठले. लेकीने हळूच विचारलं, "अजून किती वेळ?"

शेवटी एकेक फॉर्म हातात आला. कोणतं पात्र आवडलं? कुठे गोंधळ झाला? शेवट पटला का? एक चूक आम्ही बेधडक लिहिली. मोहल्ला दिसला की अजान ऐकू येत होती. सकाळी दहाच्या उन्हात, मुलं वर्गात बसलेली असताना, ही कोणती अजान?

पुढचा प्रश्न होता, "कुठे कंटाळा आला?" तिथे पेन अडलं. वीस वर्षं आम्ही उत्तरपत्रिका तपासतोय. चुकीच्या उत्तराला मुरव्वतीने गुण दिले तर मुलाचंच नुकसान होतं, हे पालकांना आम्हीच सांगत असतो. पण ही उत्तरपत्रिका नव्हती, एका मुलाची अम्मी होती. बराच वेळ गेला. मग मॅडम म्हणाल्या, "सल्ला मागितलाय, म्हणजे अमानत आहे." आम्ही लिहिलं, "अम्मी मशीनवर बसते तो प्रसंग लांबला."

त्याने आमचा फॉर्म तिथेच वाचला. "सर, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

तीन आठवडे फोन नाही. "आम्ही चुकलो, प्रसंग छान आहे" असं कळवून टाकावं, असं अनेकदा मनात आलं. कळवलं नाही.

मग एका जुम्याला तो स्वतःच घरी आला. बहुतेक फॉर्मांवर तीच तक्रार होती. काहींनी तर तो प्रसंगच काढून टाका, असं लिहिलं होतं. "सर, लोकांचं ऐकायचं तरी किती?" आणि त्याने ऑर्सन वेल्सची गोष्ट सांगितली. मार्च 1942 मध्ये त्याचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' अमेरिकेत पोमोना गावी लोकांना दाखवला. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होता. बरेच प्रेक्षक हसले, कंटाळले. घाबरलेल्या स्टुडिओने चाळीसहून अधिक मिनिटं कापली, शेवट नव्याने चित्रित केला आणि कापलेला भाग नष्ट केला. उलट 1975 साली 'शोले'चे पहिले दिवस थंड गेले, तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट बदलावा असा विचार झाला होता. पण ते थांबले. त्या वर्षीच्या चित्रपटांसाठीच्या फिल्मफेअर सोहळ्यात त्याला एकच पारितोषिक मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना.

"मग तू काय केलंस?" आम्ही विचारलं.

तो हसला. संकलन करणारी मुलगी त्याला महिनोन् महिने हेच सांगत होती. ती म्हणाली, "दुखतंय कुठे ते प्रेक्षक बरोबर सांगतो. औषध मात्र आपणच शोधायचं." दुखणं अम्मीचं नव्हतंच, जागेचं होतं. ती कुणासाठी रात्र जागते आहे हे प्रेक्षकाला तोवर ठाऊकच नव्हतं. आता आधी मुलगा फी न भरल्यामुळे वर्गाबाहेर उभा राहतो आणि मग अम्मी मशीनवर बसते. सात मिनिटांची अडीच झाली. दहा वाजताची अजानही गेली.

दुसऱ्या वेळी त्याने सगळे नवे प्रेक्षक बोलावले. "तुम्हाला गोष्ट माहीत झाली, आता तुमचं मत चालणार नाही," असं म्हणत त्याने आम्हाला मागे त्या मुलीशेजारी बसवलं. आम्हीही पडद्याऐवजी डोकी पाहत राहिलो. मशीनची घरघर सुरू झाली. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

इन्शाअल्लाह, रमजाननंतर चित्रपट लागेल. उरलेली साडेचार मिनिटं त्याने फेकलेली नाहीत. दोन्ही बहिणींसाठी पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवली आहेत.