नान्नजच्या माळावर मुलांसह

लहान मुलांस प्राणी दाखवावयाचे म्हटलें म्हणजे मुंबईची राणीची बाग आठवते. ती पाहूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं; २०१७ सालापासून तेथें पेंग्विनही पाहावयास मिळतात. परंतु सोलापूरकरांस पिंजऱ्याविना प्राणी दाखवणारी जागा अगदीं हाताशीं आहे. बार्शीच्या रस्त्यानें अर्ध्यापाऊण तासांत नान्नज लागतें. माळढोक पक्ष्यासाठीं येथील माळरान १९७९ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही मुलांस घेऊन पहाटेसच निघालों. "वाघ कुठें आहे?" हा धाकटीचा वाटभर घोष. सूर्य कासराभर वर येतो न येतो तोंच वाळल्या गवतांत काळविटांचा कळप दिसला. पीळदार शिंगांचा काळा-पांढरा नर पुढें, तांबूस, बिनशिंगी माद्या मागें. "हीं शिंगें गळतात का हो, बाबा?" थोरल्यानें विचारलें. चितळ-सांबरांचीं गळतात, काळविटाचीं जन्मभर टिकतात, असें त्यास सांगत आहों तोंच कळप बुजला आणि एकेक जनावर चेंडूसारखें उंच उडूं लागलें. धाकटी वाघ विसरली. पिंजऱ्यापुढें मुलें जनावरांस हाका मारतात. येथें मुलांसच गप्प बसावें लागतें, आणि तीं बसतात, हें नवल!

माळढोक मात्र दिसला नाहीं. हा पक्षी मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. तें कधीं गुरांच्या पायांखालीं सांपडतें, कधीं कुत्र्यांच्या तोंडीं जातें. पक्ष्यास उडतांना समोरचें नीट दिसत नाहीं, म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. शिवाय माळच नांगराखालीं गेले. आतां साऱ्या देशांतील रानांत दीडशेंच्या आंतबाहेर पक्षी उरले असून बहुतेक राजस्थानांत आहेत.

"मग ह्या जागेस त्याचें नांव कशाला?" थोरल्यानें विचारलें. त्यास आम्हीं जेसलमेरकडील हकीकत सांगितली: तेथें २०१९ सालापासून रानांतलीं अंडीं आणून उबवतात आणि पिल्लें बंदिस्त जागेंत वाढवतात.

"म्हणजे पिंजऱ्यांतच ना?" धाकटी म्हणाली.

होय, पिंजऱ्यांतच. तिच्या पिल्लांपैकीं एखादें ह्या माळावर कधीं सोडतील काय, हें मात्र आम्हांस सांगतां आलें नाहीं. ऊन चढेपर्यंत थोरल्यानें डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाहीं.