देठातली ओल

आमच्या घरामागच्या अंगणात दरवर्षी गांजाची चार झाडं असतात. हे वाक्य मराठीत लिहायला मला बरीच वर्षं लागली. इथल्या शेजाऱ्यांना ते सहज सांगता येतं. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात घरटी चार झाडं लावायची कायद्याने मुभा आहे. क्वेबेकने मनाई ठेवली, आमच्या ओंटारिओत मात्र चालतं. विकायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही, देशाबाहेर एक काडी न्यायची नाही. एवढं पाळलं की झालं. पण मराठीत 'गांजा' म्हटलं की डोळ्यांपुढे पारावर चिलीम घेऊन बसलेला माणूस येतो आणि जीभ अडते.

हिला, माझ्या बायकोला, संधिवात होऊन दहा वर्षं झाली. दिवसा ती कशीबशी निभावून नेते, रात्री बोटांचे सांधे तिला झोपू देत नाहीत. तिच्या डॉक्टरांना विचारूनच आम्ही याच्याकडे वळलो. ती ओढत नाही. मी तुपात उतरवून देतो, त्यातलं थोडंसं ती रात्री घेते. दुखणं जात नाही, पण झोप लागते. तिच्यापुरतं तेवढंच मी सांगू शकतो. औषधं देणाऱ्या फार्मासिस्टने मात्र सुरुवातीलाच बजावलं होतं: हिच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली आहे, घरचं वापरणार असाल तर त्यात बुरशीचा कणही चालणार नाही. गरम केल्याने बुरशी मेली तरी तिचं विष जातंच असं नाही. आमच्या घरात पुढे जे काही घडलं, ते या एका अटीभोवती.

मी निपाणीजवळच्या गावातला. आमच्याकडे तंबाखू. त्यामुळे झाड वाढवणं मला जड गेलं नाही. ओंटारिओच्या सरकारी दुकानातून बी आणलं, मे अखेरीस थंडीची भीती गेल्यावर रोपं बाहेर मांडली. ऑगस्टात दिवस लहान होऊ लागले की झाड वाढ सोडून फुलोऱ्यावर येतं. हे सगळं पहिल्याच वर्षी छान झालं. सप्टेंबरात तुरे मनगटाएवढे झाले, अंगणात पिकल्या आंब्याचा आणि मिऱ्यांचा मिळून असा एक वास दाटला. मला वाटलं, काम संपत आलं. काम तिथून सुरू होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मला ते ठाऊक असायला हवं होतं.

कापायची वेळ भिंगातून ठरवतात. साठ पट मोठं दाखवणारं छोटं भिंग मिळतं. त्यातून तुऱ्यावर राळेचे बारीक दाणे दिसतात, देठावर थेंब ठेवावा तसे. आधी ते काचेसारखे स्वच्छ असतात, मग दुधाळ होतात, मग एकेक करून मधाच्या रंगावर जातात. बरेच दुधाळ आणि थोडे मधाळ झाले की कापावं. पहिल्या वर्षी मी आणखी मधाळ होऊ देत म्हणून थांबलो. ऑक्टोबरात इथे पहाटे दव असं पडतं की पानांवरून निथळतं. त्यात तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सगळ्यात भरदार तुऱ्याच्या मध्यावरचं एक बारीक पान पिवळं पडलेलं दिसलं. चिमटीत धरलं तर काही जोर न लावता सुटून हातात आलं. तुरा उकलून पाहिला. आतून राखाडी, मऊ, पिठासारखा. बाहेरून अजून तजेलदार. एका झाडाचे जवळजवळ सगळे मोठे तुरे त्या करड्या बुरशीने नेले. तेव्हापासून कापणीच्या आधीचे दोन आठवडे मी रोज सकाळी असं पिवळं पान शोधत फिरतो.

उरलेल्या फांद्या मी तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीत उलट्या टांगल्या. चार दिवसांत कडकडीत वाळल्या. मला आनंद झाला, बुरशीला जागाच उरली नव्हती. बरणीत भरल्या. महिन्याने उघडल्या तर वाळल्या गवताचा वास. आंबा नाही, मिरी नाही, गंजीतल्या वैरणीचा वास. तूपही तसंच हिरवट, कडू उतरलं. ही काही बोलली नाही, पण चमचा तोंडाजवळ नेताना तिचा श्वास रोखलेला असायचा.

आमच्यापासून थोड्या अंतरावर नॉरफोक परगणा लागतो. तो कॅनडाच्या तंबाखूचा पट्टा. त्यात एका गावाचं नाव डेल्ही आहे. स्पेलिंग आपल्या दिल्लीचं, उच्चार 'डेल-हाय'. रस्त्याने जाताना शेताच्या कडेला तंबाखू वाळवायच्या जुन्या लाकडी भट्ट्या अजून ओळीने उभ्या दिसतात. बऱ्याच आता कललेल्या, छपरं गेलेल्या. २००८ साली सरकारने शेतकऱ्यांचे तंबाखूचे कोटे विकत घेतले आणि पुष्कळ जण त्यातून बाहेर पडले. तशांपैकी एक, ऐंशीच्या घरातले, बेल्जियमहून आलेल्या आईबापांचे, आमच्या गल्लीत राहतात. त्यांना मी ते गवताच्या वासाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "भट्टी पहिल्याच दिवशी तापवलीस का?"

त्यांच्या पद्धतीत हिरवं पान काठ्यांना बांधून भट्टीत टांगत. पहिले दीड-दोन दिवस नुसती ऊब आणि दमटपणा. पान त्यात पिवळं होतं. मगच आच वाढवत न्यायची. आधी पानाचा पडदा वाळवायचा, सगळ्यात शेवटी मधली जाड शीर. घाई केली तर पान हिरवंच वाळतं आणि मग ते कधी पिवळं होत नाही. "कापलं म्हणून पान लगेच मरत नाही," ते म्हणाले. "ते जिवंत असतं तोवर त्याच्या आतला हिरवा रंग ते स्वतःच मोडतं. तू त्याला चार दिवसांत मारलंस."

मी घरी येऊन बराच वेळ गप्प होतो. कारण हे माझे वडील, आबा, रोज करत होते आणि मी ते पाहत मोठा झालो होतो. आमच्याकडे भट्टी नाही, ऊन. विडीची तंबाखू माघात कापून रानातच पसरायची. उलटायची ती पहाटे, दव असताना. उन्हं चढली की पान हात लागताच चुरा होतं, पहाटे तेच पान कातड्यासारखं वळतं. आबा अंधारात उठून जायचे, आम्हांला हाका मारायचे, आणि आम्ही थंडीत कुरकुरत जायचो. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या तंबाखूच्या आंदोलनात महामार्गावर बसून आले तरी दुसऱ्या पहाटे ते रानातच. पान उचलून ते आधी देठ दाबून बघत. "पाल्यावर जाऊ नका, देठात बघा," हे त्यांचं वाक्य. पान वाळलेलं दिसतं, ओल देठात दडलेली असते. माल भरून बोद बांधला की ती परत पानात येते आणि वखारीत माल आतून पेटल्यासारखा गरम होतो.

एवढं आठवूनही दुसऱ्या वर्षी मी पुन्हा चुकलो, या वेळी उलट्या बाजूने. घाई नको म्हणून गॅरेजात टांगलं. बाहेर पाऊस, आत सर्दावा. सहाव्या दिवशी तुरे बाहेरून कुरकुरीत लागले, तेव्हा काचेच्या बरण्यांत भरले. बरणीत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी तेच तुरे मऊ पडले. आतली ओल वर आली होती. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर नाकात अमोनियाचा भपका, गोठ्यात मूत तुंबल्यावर येतो तसा. तेव्हाच सगळं काढून पसरायला हवं होतं. मी झाकण लावून दोन दिवस वाट पाहिली. दोन बरण्यांत पांढरं जाळं धरलं. बाकीच्या तीन डोळ्यांना स्वच्छ दिसत होत्या. ही म्हणाली, "त्या तरी ठेवा." मला फार्मासिस्टचे शब्द आठवले. पाचही बरण्या फेकल्या. वर्षाची मेहनत म्हणून वाईट वाटलंच. त्याहून वाईट वाटलं ते तिच्यासाठी, पुढचा अख्खा हिवाळा डोळ्यांपुढे होता.

आता जिन्याखालच्या छोट्या खोलीत करतो. खिडकीला काळा कपडा, कारण उजेडाने जोर उतरतो. उष्णता सतरा-अठरा अंश, हवेतली आर्द्रता पंचावन्न ते साठ टक्के. त्यासाठी पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक आणि पाणी ओढणारं यंत्र. एक लहान पंखा भिंतीकडे तोंड करून. वारा खोलीत फिरावा, तुऱ्यांना लागू नये. मोठी पानं काढून टाकतो, तुऱ्याजवळची बारीक पानं राहू देतो. ती मिटतात आणि तुऱ्याला पांघरूण होतं. वाळणं त्याने सावकाश होतं. छाटणी नंतर, हातमोजे घालून, नाहीतर राळ बोटांना अशी चिकटते की साबणाने हलत नाही. खोबरेल तेल चोळावं लागतं.

दहा ते चौदा दिवस लागतात. वजन घटून पाचवा हिस्सा उरतो. मग बरण्या, तीन चतुर्थांश भरलेल्या, प्रत्येकीत एक छोटा मापक. काटा बासष्टच्या आसपास टेकला पाहिजे. पासष्टच्या वर गेला तर थांबायचं नाही, लगेच ताटात पसरायचं. पहिला आठवडा रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून वारा द्यायचा, मग एक दिवसाआड, मग आठवड्याने. हा टप्पा मला सगळ्यात आवडतो. पहिल्या दिवशी वास हिरवा असतो. दहाव्या दिवशी त्यातून मिरी डोकावते. महिन्याने आंबा परत येतो, झाडावर होता त्याहून गडद. का येतो हे मी वाचलं आहे, तरी झाकण उघडताना दरवेळी नवल वाटतं. हिला ती फिरकीची झाकणं उघडत नाहीत, पण वास घ्यायला ती येते आणि माझ्याआधी सांगते, "आज गवत गेलं."

नातवंडं येतात म्हणून बरण्या कुलपात असतात.

अण्णांना, माझ्या थोरल्या भावाला, मी हे गेल्या वर्षी सांगितलं. ते निपाणीतच असतात. फोनवर बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "आबांचं नाव तरी काढायचं नाहीस कुठं." मला लागलं. भारतात त्याच फुलोऱ्यासाठी १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने माणूस तुरुंगात जातो. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती, हे मला नंतर कळलं. पंधरा दिवस फोन आला नाही. मग एके संध्याकाळी, त्यांच्याकडे पहाट असताना, आला. हिची चौकशी केली. झोप लागते का, विचारलं. मी हो म्हणालो. मग एकदम, "वाळवतोयस कसं?"

मी सगळं सांगितलं. खोली, पंखा, अकरावा दिवस. ते मधेच म्हणाले, "ते यंत्रबिंत्र ऱ्हाऊ दे. देठ मोडून बघितलंस?"

"नाही अजून आज."

"मग बघ की."

फोन हातात घेऊनच मी जिन्याखाली गेलो. मधल्या फांदीची बोटभर जाड काडी धरली आणि फोन जवळ नेऊन वाकवली. क्षणभर ती नुसती वाकली, मग कट्‌ आवाज झाला आणि सालीच्या दोन-तीन धाग्यांवर लोंबत राहिली.

"मोडलं," अण्णा म्हणाले. "साल धरून हाय का?"

"आहे थोडी."

"आता थांबू नकोस मग."

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून छाटणी केली. हिच्या बोटांना कात्री पेलत नाही, म्हणून मी कापलं आणि ती बरण्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवत गेली. पाच बरण्या भरल्या, सहावी अर्धी.