कोटाले घाम

नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या भटक्या कंपूत जून लागला की एक प्रश्न माझ्याकडे यायचाच. "भाऊ, यंदा रेनकोट कोणता घेऊ?" बारा-तेरा वर्षं मी त्याचं एकच उत्तर दिलं. पावसाचं पाणी अडवणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं, आत पातळ पडदा असलेलं जॅकेट घे. महाग पडतं, पण एकदाच घ्यायचं. माझ्या शब्दावर सहा जणांनी घेतलं. त्यातल्या एकाने त्यापायी घरच्या मिक्सरची खरेदी दिवाळीवर ढकलली होती, हे मला फार नंतर कळलं. आता मी स्वतः ते जॅकेट डोंगरात नेत नाही. हे त्या सहा जणांना सांगायला मला दोन पावसाळे लागले.

छत्री घेऊन येणाऱ्यांना मी हसायचो, हेही सांगून टाकतो. छत्री म्हणजे भाजी आणायला जाण्याची वस्तू, असं माझं मत. जॅकेटच्या लेबलावरचे आकडे मात्र मी दहावीच्या मार्कांसारखे वाचायचो. 10,000 मिलिमीटर म्हणजे काय, तर कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते तग धरतं. नागपूरचा वर्षाचा पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे नऊ वर्षांचा पाऊस एकावर एक रचून माझ्या खांद्यावर ठेवला तरी मी कोरडा! हा हिशेब मी ऐकवायचो आणि लोक माना डोलवायचे. आत मी किती घाम गाळतो, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

पहिला तडा कळसूबाईवर गेला. ऑगस्ट महिना. रात्रीच्या गाडीने इगतपुरी, तिथून बारी गाव. खाली खाचरांत भाताची आवणी चाललेली. शिखर 1,646 मीटरचं, आणि बारीतून चढ सुरुवातीपासूनच अंगावर येतो. पाऊस धड पडतही नव्हता, नुसतं भुरभुरत होतं, तरी आम्ही जॅकेटवाले चेन गळ्यापर्यंत ओढून निघालो. पहिली लोखंडी शिडी येईपर्यंत बनियन पिळून काढावं इतकं ओलं झालं होतं.

आमच्यासोबत एका मित्राची आई होती, साठी ओलांडलेली. हातात लांब दांड्याची काळी छत्री. निघताना मी त्यांना ती गाडीतच ठेवायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं. सगळा खालचा टप्पा त्या छत्रीखाली संथपणे, अंगाला वारा लागू देत चढल्या. शिडीपाशी त्यांनी छत्री मिटून पिशवीला बांधली, दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा रेनकोट चढवला आणि माझ्या बाहीच्या आतून टपकणारं पाणी बघून म्हणाल्या, "काहून जी, तुमच्या कोटाले घाम येऊन राहिला का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण माथ्यावर पोचल्यावर हसू थांबलं. वारा असा की उभं राहणं कठीण. तिथे छत्री उघडली असती तर काड्याच हातात राहिल्या असत्या. पण काकू आतून कोरड्या होत्या. आम्ही हजारोंच्या कापडात ओलेचिंब होतो, आणि चढ संपून अंग थांबल्याबरोबर दात वाजायला लागले. देवीला नमस्कार करून आम्ही दोन मिनिटांत खाली पळालो.

घरी येऊन मी आधी जॅकेटलाच शिव्या घातल्या. पण दोष त्याचा नव्हता. टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक गरम करून झटक्यात ताणलं की त्यात अतिशय बारीक छिद्रं पडतात, हे 1969 साली अमेरिकेत बॉब गोअर यांच्या हाती लागलं आणि 1976 मध्ये गोअर-टेक्सचं कापड बाजारात आलं. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब शिरत नाही, वाफ मात्र निघते. वाफ निघते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तर. सह्याद्रीत ऑगस्टमध्ये आपण ढगातूनच चालत असतो. बाहेरची हवाच वाफेने तुडुंब, तिथे आतल्या वाफेला ओढणार कोण? जी थोडी ओढ उरते ती चढावरच्या घामाला पुरत नाही. त्यात सॅकच्या पट्ट्यांनी खांद्यावरचा पाणी झटकणारा लेप घासून गेलेला असतो. मग वरचं कापड पाणी पितं आणि वाफेची वाट आणखी तुंबते.

खरं तर नागपूरच्या माणसाला हे कोणी शिकवायला नको होतं. मे महिन्यात जो कूलर खोलीत हिवाळा आणतो, तोच जुलैत नुसता चिकचिकाट करतो. बाहेरची हवा ओली झाली की त्याचं काम संपलं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त अंगात घातलेल्या वस्तूला तोच नियम लावायचं सुचलं नाही. सात हजार मोजले की माणसाला बऱ्याच गोष्टी सुचत नाहीत.

माझं दुसरं, जरा स्वस्तातलं जॅकेट माळ्यावर मेलं. ओलसर असतानाच घडी घालून ठेवलं होतं. नागपूरचा एक उन्हाळा स्लॅबखाली काढल्यावर आतला लेप भाजलेल्या दाण्यांच्या सालांसारखा गळायला लागला. यात माझ्याशिवाय कोणाचाच दोष नाही.

पण मत खऱ्या अर्थाने फिरलं ते डोंग्यात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मालगुजारी तलावावर आम्ही दोघे-तिघे दोन रात्रींसाठी गेलो होतो. एका खोडाचा कोरलेला डोंगा, चालवणारे एक ढीवर काका, आणि पलीकडच्या पाळीवर मुक्काम. मी गुडघ्याखाली पोचणारा पाँचो, त्याच्या आत लाइफ जॅकेट आणि पायात गमबूट, अशा थाटात काठावर उभा. काकांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "हे सारं काढा. पाण्यात पडले तं हेच तुमाले खाली ओढन."

बरोबरच होतं. पाँचो पाण्यात हातापायांत गुंततो, गमबूट भरतात, आणि लाइफ जॅकेट आत असेल तर बुडणाऱ्याला धरायचं तरी कुठे? वल्हवणाऱ्याला कमरेपर्यंतचा आखूड कोट हवा, मनगटाशी घट्ट होणारा, नाहीतर वल्ह्याचं पाणी बाहीतून थेट काखेत. आणि लाइफ जॅकेट सगळ्याच्या वर. काका स्वतः उघड्या अंगाने, बनियनसुद्धा नाही. दिवसभर ते माशासारखे भिजले. कोरडी ठेवली होती ती फक्त विडी-काडीची डबी, आणि युरियाच्या गोणीतल्या पन्नीत, एकात एक दोन पन्न्यांत, तोंड पिळून बांधलेलं एक ब्लँकेट आणि शर्ट.

संध्याकाळी पाळीवर ते तो शर्ट घालून, ब्लँकेट पांघरून आरामात विडी ओढत बसले. माझ्या सॅकला वरून कव्हर होतं, पण पाठीवरून ओघळलेलं पाणी आणि डोंग्याच्या तळाचं पाणी त्याच कव्हरमध्ये साचून झोपायची पिशवी भिजली होती. दिवसभर मी स्वतःला वाचवत होतो. त्यांनी रात्र वाचवली होती.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून रोवणी बघत बसलो. ओणव्या बायका, डोक्यावरून पाठीवर सोडून कमरेला बांधलेली पन्नी, समोरून सगळं मोकळं. पाऊस पाठीवर पडतो तर पाठ झाकायची. घाम छातीवर येतो तर ती बाजू वाऱ्याला द्यायची. कोकणातलं इरलं याच हिशेबाने घडवलेलं आहे. मी इतकी वर्षं लेबलं वाचत होतो आणि हे रस्त्याच्या कडेला, गाडीच्या काचेतून दर पावसाळ्यात दिसत होतं.

आता चढताना मी भिजतो. झाडीतल्या वाटेवर छत्री, विजा कडाडत असतील तर ती मिटलेली. वाऱ्यासाठी एक साधं विंडचीटर. सुती काहीच नाही. आणि एक पूर्ण कोरडा जोड, मोज्यांसकट, दुहेरी पन्नीत. तो मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचा नाही, कितीही हुडहुडी भरली तरी. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड आहे, एकदा मीच मोडलं आणि दुसऱ्या दिवशी घालायला काही उरलं नाही. महागडं जॅकेट मी टाकलेलं नाही. स्कूटरवर माटे चौकापर्यंत जायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण तिथे मी बसलेला असतो, घाम गाळत नसतो.

यंदा जूनमध्ये मिक्सरवाला मित्रच आला, मुलासाठी रेनकोट विचारायला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्ही दोघे मुलाला घेऊन इतवारीत गेलो. जाड पन्नी मीटरवर मिळते त्या दुकानात. दुकानदाराने कात्री हातात घेत विचारलं, "कशावर टाकायची? कूलरवर का गाडीवर?"

मित्राने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनाच विचारा."