पारा थांबतो तेव्हा

नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला बाष्पीभवन पुस्तकातून शिकावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी आमच्याकडे त्याची कुणी बातमी करत नसे. कूलर घरोघरी पोचण्याआधीच्या त्या दुपारी मला वाळ्याच्या वासासकट आठवतात. दाराखिडक्यांना बांबूच्या कामट्यांत बसवलेल्या वाळ्याच्या ताट्या टांगलेल्या असत. थोडा वेळ गेला की आतून आजीची हाक यायची, "पोरी, ताट्या सुकल्या बघ." मग बादली-तांब्या घेऊन आम्ही भावंडं ताट्यांवर पाणी मारायचो. रस्त्यावर तोंड भाजून काढणारी लू त्याच ताटीतून आत येईस्तोवर गार झालेली असे.

माठ घेतानाही आजीची एकच कसोटी होती. घरी आणून भरल्यावर तो रात्रभरात बाहेरून ओला व्हायला हवा. जो कोरडा राहील तो दिसायला कितीही देखणा असला तरी कुंभाराकडे परत जायचा, कारण न पाझरणारा माठ तिच्या लेखी माठच नव्हता. तिचं बरोबर होतं. दहा लिटरच्या माठातलं पाव लिटर पाणी पाझरून उडून जातं, तेव्हा उरलेल्या पाण्याला १४ अंशांहून जास्त गार करता येईल इतकी उष्णता सोबत घेऊन जातं. बाहेरची ऊब आत शिरत राहते म्हणून प्रत्यक्षात उतार एवढा पडत नाही, पण हिशेब हाच. थोडं पाणी जातं आणि बाकीच्याला गार करून जातं.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, लग्न होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि दहावीच्या वर्गाला 'उष्णता' हा धडा वर्षानुवर्षं शिकवला. त्यातला एक प्रयोग मी कधीच नुसता फळ्यावर उरकला नाही. चंचुपात्रात कुटलेला बर्फ घ्यायचा, त्यात तापमापी धरायची, खाली मंद ज्योतीचा स्पिरिटचा दिवा ठेवायचा आणि काचकांडीने ढवळत राहायचं. एका मुलाने दर मिनिटाला आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फळ्यावर लिहायचा. "शून्य." एक मिनिट. "शून्य." आणखी एक मिनिट. "शून्यच." बर्फ डोळ्यांदेखत विरघळत असतो, दिव्याची ज्योत नीट जळत असते, चंचुपात्राबाहेर पाण्याचे थेंब जमून जाळीवर ठिबकत असतात, आणि पारा जागचा हलत नाही. दर वर्षी याच टप्प्यावर मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणायचं, "बाई, थर्मामीटर बिघडलाय."

मी तापमापी बदलून द्यायची. नवीही शून्यच दाखवायची. वर्ग गप्प व्हायचा आणि मग एखादी मुलगी तो प्रश्न विचारायची ज्याच्यासाठी मी सगळा खटाटोप केलेला असे. दिवा तर जळतोय, मग उष्णता जाते कुठे?

ती जाते बर्फाची बांधणी सोडवण्यात. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठराविक जागी उभे असतात. ती पकड ढिली करायलाच सगळी उष्णता खर्ची पडते, रेणूंची धावपळ वाढवायला काही उरत नाही, आणि तापमापी मोजते ती फक्त धावपळ. शेवटचा कण विरघळला की पारा चढू लागतो तो थेट १०० पर्यंत, आणि तिथे पुन्हा थबकतो. पाठ्यपुस्तक या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतं. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांवर नेता आलं असतं. उकळत्या पाण्याची वाफ करायला तर ग्रॅममागे ५४० कॅलरी. शून्यावरून १०० पर्यंत तापवण्याच्या जवळजवळ साडेपाच पट खर्च, आणि एवढ्या वेळात पारा एक अंशही वर सरकलेला नसतो.

हे पहिल्यांदा नेमकं मोजलं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६१-६२ च्या सुमारास. एका मोकळ्या थंड दालनात त्यांनी काचेचे दोन सारखे गोल टांगले. एकात गोठणबिंदूच्या जेमतेम वर असलेलं पाणी, दुसऱ्यात तितकाच बर्फ. पाणी अर्ध्या तासात जितकं तापलं तितकं व्हायला बर्फाला साडेदहा तास लागले. खोली तीच, हवा तीच, वेळ एकवीसपट. साधनं म्हणाल तर दोन काचेचे गोल, तापमापी आणि घड्याळ. मला हा प्रयोग विज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यातून त्यांनी काढलेला अर्थही मोठा होता. उष्णता अशी खर्ची पडत नसती, तर थंडी सरताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून खालची खोरी वाहून गेली असती. गंगा-यमुना उन्हाळाभर हिमालयाचं पाणी हप्त्याहप्त्याने आणतात त्यामागे हाच हिशेब आहे.

बर्फाच्या या चिवटपणावर एका माणसाने धंदा उभारला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तळ्यातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या जहाजात रचून कलकत्त्याला पाठवल्या. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. निघताना १८० टन असलेला बर्फ पोचला तेव्हा साधारण १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. मद्रासमध्ये त्याच्यासाठी समुद्रकाठी बांधलेलं कोठार अजून उभं आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते. चेन्नईला गेलात तर मरीना किनाऱ्यावरची ती गोल इमारत जरूर पाहा. ग्रॅममागे त्या ८० कॅलरी लागत नसत्या, तर लाकडाच्या भुशाची भरताड कितीही केली असती तरी जहाज निम्म्या वाटेवरच रिकामं झालं असतं.

वाफेचा धडा मला सासरच्या स्वयंपाकघरात मिळाला. गणपतीला एकवीस मोदकांचा नैवेद्य. मोदकपात्राच्या चाळणीवर हळदीची पानं, त्यांवर पाण्याचा हात लावलेले मोदक, आणि झाकण स्वच्छ पंच्यात घट्ट गुंडाळलेलं, म्हणजे झाकणाला धरलेलं पाणी मोदकांवर ठिबकत नाही. पाणी खळखळून उकळलं की सासूबाई गॅस बारीक करायच्या. पाणी शंभराच्या वर जाणार नाही, मोठ्या आचेने नुसती जास्त वाफ वाया जाईल, हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. मोदकाला पाण्याचा स्पर्श नसतो. वाफ त्याच्या गार पारीवर येऊन टेकते, तिचं पुन्हा पाणी होतं, आणि वाफ होताना घेतलेल्या ५४० कॅलरी ती तिथल्या तिथे परत करते. दहा-बारा मिनिटांत पारीला तकाकी येते, हळदीच्या पानाचा वास घरभर होतो आणि बोट लावलं तर चिकटत नाही. उष्णता अडकून पडली म्हणजे बुडाली असं नाही. ती मुदत ठेवीसारखी असते, पदार्थ उलट्या वाटेने निघाला की पैन् पै परत मिळते.

झाकण काढण्याची सासूबाईंची शिस्त मात्र कडक होती. "आपल्याकडची कड उचलायची नाही, पलीकडची आधी उचल." उकळतं पाणी आणि वाफ दोन्ही १०० अंशांचीच. पण हातावर एक ग्रॅम उकळतं पाणी पडलं तर ते अंगाच्या तापमानाला येईतो साधारण ६३ कॅलरी देतं. तितकीच वाफ देते ६०० च्या वर, जवळजवळ दहापट. सासूबाईंनी हे सूनबाईला सांगितलं आणि सूनबाईने तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला. दहावीच्या मुलींपेक्षा मुलग्यांना हे जास्त आवर्जून सांगायची, कारण कुकरजवळ त्यांना कुणी उभंच केलेलं नसतं.

वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्या जेम्स वॉटलाही वाफेची हीच ताकद दिसली होती. थोडी वाफ तिच्या सहापट वजनाच्या थंड पाण्याला उकळीपर्यंत नेते हे पाहून तो चक्रावला आणि त्याने ब्लॅकना गाठलं. १७६५ साली त्याला सुचलेला, वाफ सिलिंडरबाहेर वेगळ्या भांड्यात थंड करण्याचा उपाय म्हणजे ही उष्णता फुकट जाऊ न देण्याचा उपाय. कारखान्यांचं युग त्यावर उभं राहिलं.

मला स्वतःला त्याहून मोठं वाटतं ते पावसाचं गणित. एक चौरस किलोमीटरवर एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. समुद्रावर त्याची वाफ होताना शोषलेली उष्णता ढग होताना आकाशात सुटते. ती भरते सुमारे ७० लाख युनिट. कोयनेचं १९६० मेगावॅटचं वीजकेंद्र पूर्ण क्षमतेने साडेतीन तास चालेल तेव्हा एवढी वीज होते. सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैत एकेका दिवसात वीस-वीस सेंटीमीटर पाऊस पडतो, आणि पडतो तो शेकडो चौरस किलोमीटरवर. चक्रीवादळांना बळ मिळतं तेही इथूनच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. माणसाचं अंगही एक पाझरणारा माठ आहे. एक लिटर घाम उडून गेला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो उडाला पाहिजे. नुसता ओघळून गेला तर घेऊन जात नाही काहीच. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, अंगावर मिठाची पूड तेवढी राहते. ठाण्यात ३४ अंशांना ब्लाऊज पाठीला चिकटलेला असतो, घाम गळत राहतो आणि जिवाची काहिली थांबत नाही. इथे वाळ्याची ताटीही कामाची नाही, हवा आधीच पाण्याने भरलेली असते.

म्हणून माहेरची माणसं "तुमचे ३८ म्हणजे आमची सकाळ" असं म्हणतात तेव्हा मी त्यांना थांबवते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या सोहळ्यात लाखो लोक बसले होते. जवळच्या हवामान केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. उष्माघाताने १४ जण गेले. तापमापीला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं ते ३५ अंशांवर गेलं की घाम उडून अंग गार होणं थांबतं, मग माणूस कितीही धडधाकट असो. अलीकडच्या प्रयोगांत तर निरोगी तरुणांचंही शरीर ३१ च्या आसपासच हार मानू लागल्याचं दिसलं आहे.

आपल्याकडे उन्हाची बातमी अजून एकाच आकड्याची असते. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तापमानाशेजारी हवेतली आर्द्रता तितक्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. आणि तुम्ही, एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-कोकणात मुलांचा क्रिकेटचा सामना, लग्नाची वरात, सभा, मिरवणूक ठरवत असाल, तर फोनवर अंशांच्या खाली बारीक टाइपात लिहिलेली आर्द्रतेची टक्केवारी आधी वाचा, आणि ती चढी असेल तर कार्यक्रम संध्याकाळवर ढकला.