यान सोडण्याची घाई

आपत्तीत सापडलेल्या विमानातून बाहेर पडणाऱ्या वैमानिकाचा जीव वाचविण्याच्या सामग्रीशी ज्याचा नोकरीच्या निमित्ताने जन्मभर संबंध आला, अशा माझ्यासारख्या अभियंत्याने निवृत्तीनंतर बदलापुरास बिऱ्हाड थाटावे आणि नातवंडांच्या आग्रहाखातर अवकाशयुद्धांचे चित्रपट पाहावयास बसावे, तर त्याचे लक्ष नायकाच्या शौर्याकडे न जाता त्याच्या आसनाखालील काडतुसाकडे जावे, हे क्रमप्राप्तच आहे. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये एका लढाऊ यानात बिघाड होतो, सोबती त्या वैमानिकाला बाहेर उडी घेण्यास बजावतो, तो मात्र यान आवरता येईल या भरवशावर आतच राहतो आणि क्षणार्धात भस्मसात होतो. प्रेक्षक हळहळतात, मला प्रश्न पडतो तो असा की, त्याने सोबत्याचे ऐकले असते तरी तो जाणार होता कोठे?

पृथ्वीवर या प्रश्नाला उत्तर आहे. वैमानिकाने मूठ ओढली की डोक्यावरची काच स्फोटक दोरीने भंगते (आपल्या ‘तेजस’साठी ही योजना पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळांनी सिद्ध केली), मग काडतुसे आणि अग्निबाण त्याला आसनासह इतक्या जोराने वर फेकतात की क्षणभर त्याचे वजन बारा-पंधरा पटींनी वाढून पाठीचे मणके दबतात, त्यानंतर पॅराशूट उघडते, आसन गळून पडते, आणि तरंगत खाली येणाऱ्या त्या माणसाखाली एक पेटी लोंबकळत असते, जिच्यात रबरी होडी, पाणी, औषधे आणि ठावठिकाणा कळविणारा बिनतारी संच एवढा संसार बांधलेला असतो. हा सारा प्रकार काही सेकंदांत उरकतो आणि त्याचे श्रेय आम्ही मंडळी बिनदिक्कत घेतो. वस्तुतः निम्मे काम हवा, जमीन आणि माणसे करीत असतात. ४ जून २०२४ रोजी सुखोई-३० जातीचे एक विमान निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात कोसळले, दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडून बचावले. ते खाली उतरले तेव्हा पायांखाली शेत होते आणि हाकेच्या अंतरावर गाव होते.

अवकाशात हवा, जमीन आणि माणसे या तिघांपैकी एकही मदतनीस हजर नसतो. ग्रहापासून दूर, सेकंदाला १५ मीटर वेगाने यानाबाहेर फेकला गेलेला वैमानिक, त्याला थोपविणारी हवा नसल्यामुळे, त्याच वेगाने जातच राहतो, आणि तासाभरात यानापासून ५४ किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत बदलापुराहून मुंबईच्या कोटाएवढा, दूर जातो. शोध घेणाऱ्याला त्याची दिशाही ठाऊक नसते. चित्रपटात असा माणूस तत्काळ गोठतो. वास्तविक निर्वात पोकळी म्हणजे थर्मासची भिंत: विश्रांतीतही शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते, ती वाहून नेण्यास हवा नाही, म्हणून बंदिस्त पोशाखातल्या माणसाला थंडीपेक्षा स्वतःच्याच उष्म्याचे भय अधिक, आणि प्राणवायूची टाकी संपण्यापूर्वी त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला ग्रासण्याची शक्यताही तितकीच. पोशाखच नसेल तर बोलावयास नको. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात चाचणी देणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी सुटली आणि अवघ्या चौदा-पंधरा सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. सुदैवाने कक्षात हवा भरण्यात आली आणि तो वाचला. १९७१ साली सोयुझ-११ मधील तिघे अंतराळवीर परतीच्या वाटेवर एक झडप अवेळी उघडल्यामुळे गेले, कारण त्यांच्या अंगावर असे पोशाखच नव्हते. त्यानंतर मात्र उड्डाणात आणि अवतरणात पोशाखाचा शिरस्ता रशियनांनी कायम केला.

पोशाखाचा विषय निघाला म्हणून एक अवांतर गोष्ट सांगतो. चंद्रावर गेलेल्या अपोलो वीरांचे पोशाख स्त्रियांची अंतर्वस्त्रे शिवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने, साध्या शिवणयंत्रांवर काम करणाऱ्या बायकांकडून शिवून घेतले होते, आणि तेथे टाका रेसभर ढळला तरी तुकडा नामंजूर होई. उल्हासनगरात गल्लोगल्ली जीन्सच्या शिलाईची यंत्रे धडधडताना ऐकली की मला वाटते, आमच्या विज्ञानकथांत शास्त्रज्ञ असतात, सेनापती असतात. शिंपी मात्र कोणालाच सुचत नाही.

आता मुख्य मुद्दा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला, तेव्हा सुमारे १०५० प्रवासी आत होते आणि रेल्वेने त्यांना कळविले ते एवढेच की, गाडीतून खाली उतरू नका, गाडी हीच सुरक्षित जागा आहे. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. माझ्या मते अवकाशातील बचावाचा पहिला नियम हाच. १९७० साली अपोलो-१३ ची प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा तिघांनी पोकळीत उडी घेतली नाही. जोडलेल्या चांद्रयानात आसरा घेतला आणि त्याच्याच आधारावर ते घरी पोहोचले. गागारीन १९६१ साली आसनासह बाहेर पडला खरा, पण तो सुमारे ७ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या हवेत आल्यानंतर. आपल्या गगनयानाची २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून जी चाचणी झाली, तीतही बचावयंत्रणेने माणसाची खोलीच अखंड उचलून रॉकेटपासून दूर नेली, आणि ती बंगालच्या उपसागरातून नौदलाने हस्तगत केली. कल्पित यानांत म्हणूनच ‘बॅबिलॉन ५’ मालिकेतील स्टारफ्युरी मला पसंत आहे, कारण तिथे वैमानिकाचा कक्षच सबंध सुटा होतो. अंबरनाथच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पाणबुड्यांसाठी इंधनघट घडविणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाण्याखालीही नौकेच्या भिंतीच्या आतच जीव असतो.

तरीही शोधाविना हा सारा बंदोबस्त व्यर्थ, हे २००४ सालच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ने ओळखले, याचे मला विशेष अप्रूप वाटते. कारा थ्रेस ही वैमानिक यान सोडून एका ओसाड चंद्रावर उतरते, तिचा प्राणवायू आटत जातो, आणि इकडे तिच्यासाठी किती इंधन जाळावे, किती याने पणास लावावीत, यावरून सेनापती आणि राष्ट्राध्यक्षा यांच्यात कडाक्याचा वाद होतो. स्फोट, अग्निबाण, तुटलेली काच यांहून ही हिशेबाची भांडणेच मला अधिक खरी वाटतात, कारण सरकारी दप्तरांतून मी तशीच पाहिली आहेत. म्हणून दिवाळी अंकांसाठी अवकाशयुद्धाच्या कथा लिहिणाऱ्या माझ्या मराठी लेखकबंधुभगिनींना विनंती आहे की, नायकाच्या हाताने ती मूठ ओढण्यापूर्वी त्याला उचलून आणावयास कोण निघणार आहे आणि ते किती तासांत पोहोचणार आहे, याची तजवीज त्यांनी आधी कागदावर करून ठेवावी.